बदामी हिरवी मायनर

“अजून थोडं, शैला. आता घेईल बघ. अजून थोडं.”

तिशीतल्या माणसाचा आवाज, थंडीने किंचित कापरा झालेला, गाडीच्या अर्ध्या उतरवलेल्या काचेतून मागे फेकलेला. गेल्या पन्नास वर्षांत शैलाने तो आपणहून कधी बोलावला नव्हता. तो आपला येई. फुगलेलं दार खांदा लावून लोटावं लागलं की येई, सुपरमार्केटात भरलेली ट्रॉली उंबऱ्यापाशी अडली की येई. आज तो भर सकाळी आला, इंग्लंडात रीडिंगला, हरीशच्या ड्राइव्ह-वेमध्ये, आणि येताना वास घेऊन आला. दुपारच्या औक्षणासाठी वळलेल्या फुलवाती तुपात भिजवून ती तबक बाहेर उन्हाला ठेवायला निघाली होती, तर समोर ती उभी. ठेंगणी, गुबगुबीत, बेडकासारखे दोन वाटोळे दिवे पुढे काढून, नाकावर लग्नातल्यासारखी पांढरी सॅटिनची रिबीन. मॉरिस मायनर. बदामी हिरवी. मे महिन्याचं ऊन तिच्या टपावर तापत होतं आणि उघड्या दारातून आतलं सगळं बाहेर येत होतं, जुनं कातडं, पेट्रोल, ओल्या कुत्र्यासारखा गालिचा, आणि त्याच्यावर कसलंसं गोडसर पॉलिश, मढ्यावर अत्तर शिंपडावं तसं. शैलाच्या तोंडाला पाणी सुटलं. भुकेचं नव्हे. ओकारीच्या आधी सुटतं तसलं, पातळ आणि खारट. तिने ते गिळलं आणि तबक छातीशी धरलं.

“सरप्राइज,” हरीश म्हणाला. तो गाडीच्या पलीकडे उभा होता, हातात किल्ली, केस पिकायला लागलेले, आणि चेहऱ्यावर शाळेतून बक्षीस आणल्यासारखं हसू. “माझ्या एका कलीगची आहे, वीकेंडला दिलीय त्याने. तीच नाहीये ऑफ कोर्स, तुमची केव्हाच स्क्रॅप झाली असणार. पण सेम मॉडेल, सेम कलर. बाबा नेहमी अ‍ॅल्मंड ग्रीन म्हणतात ना, म्हणून त्याच शेडच्या मागे लागलो होतो. कशी आहे?”

“छान आहे.”

“छान काय आई. मला वाटलं तू रडशील.”

बदाम हिरवा कधी असतो, तिच्या मनात आलं. बुरसा असतो हिरवा. डब्यात विसरलेल्या भाकरीवर येतो तो, मऊ, वर पांढरट लव असलेला. तोच रंग घासूनपुसून, लखलखीत करून इथे आणून उभा केला होता, आणि त्यात तिचं तोंड दिसत होतं, पसरट, दारापाशी वाकडं झालेलं. ही ती नव्हे हे तिलाही कळत होतं. नंबर वेगळा, आतली सीटं लाल, त्या गाडीची करडी होती. पण बाधलेल्या जेवणाच्या आठवणीला कुठे तेच ताट लागतं. पोटाला सगळं पाठ असतं.

हरीशचे बाबा शशिधर बाहेर आले ते सून मंजिरीच्या हाताला धरून. आज त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं कौतुक करायचं म्हणून स्लाउहून गुरुजी यायचे होते, कार्डिफहून जुनी मंडळी, ब्रिस्टलहून जुना मित्र अंबरीश. सुनेने त्यांना मोतिया रंगाचा रेशमी झब्बा घातला होता आणि खांद्यावर शेला. ते पायरीवर थांबले, गाडीकडे पाहिलं, आणि मंजिरीचा हात सोडून काठी टेकत थेट तिच्यापाशी गेले. बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो हळूहळू फिरवू लागले, बोटं किंचित दाबत, थांबत, पुन्हा सरकवत. डॉक्टर लोक पोट तपासतात तसं. आयुष्यभर त्या हाताने कार्डिफ-ब्रिस्टलच्या बायाबापड्यांची पोटं तपासली होती, आणि लोक म्हणत, डॉक्टर, तुमच्या हातालाच गुण आहे. शैला त्या हाताकडे पाहत राहिली. पाठीवर तपकिरी डाग, कातडी कागदासारखी सुटलेली, अंगठी गाठीपाशी अडकून बसलेली. रोज रात्री त्या हाताला ती व्हॅसलीन चोळून देते. आज तो हिरव्या पत्र्यावर फिरताना पाहून तिच्या दंडावर काटा आला, पाल अंगावरून गेल्यासारखा.

“आली का माझी राणी,” शशिधर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

“बघ,” हरीश आईला म्हणाला, “बाबा रडले.”

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मंडळाच्या गणपतीत ती सांगितली गेली होती, लोकांच्या बारशांत, रिटायरमेंटच्या पार्टीत इंग्रजीतून. नवीनच आले होते ते दोघं या देशात. संक्रांतीचा दिवस. कार्डिफहून ब्रिस्टलला निघालेले, अंबरीशकडे हळदीकुंकू आणि शशिधरांचा त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यू. पूल ओलांडला आणि पुढे एका आडरस्त्यावर मायनर रुसली. स्टार्टर ओढून ओढून बॅटरी मेली. दोन्ही बाजूंना बर्फाचा चिखल. मग शशिधर म्हणतात, राणीसरकार, तुम्ही चाकामागे बसा. कोट काढून मागच्या सीटवर टाकतात, बाह्या सारतात आणि ढकलायला लागतात. काळी चंद्रकळा नेसलेली बायको आत मेमसाहेबासारखी बसलेली, आणि हा डॉक्टर मागून घामाघूम. एक लॉरीवाला थांबतो, काच खाली करतो, म्हणतो, मेट, पेशंट आत आहे की मागे? इथे सगळे हसत. गेल्या काही वर्षांत गोष्टीला नवे धुमारे फुटले होते. बूट चिखलात रुतून राहिला. इंटरव्ह्यूला ते एका बुटानिशी गेले. दरवेळी काहीतरी नवं, आणि दरवेळी शेवटी ते शैलाकडे वळून म्हणत, काय गं, खरं की नाही, आणि ती मान हलवी. शैलाला गाडी चालवता येत नाही हे त्या हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा येत नव्हती, नंतरही ती शिकली नाही. पन्नास वर्षं लोकांनी तिला आणलं आणि सोडलं. मग त्या दिवशी आत बसून क्लच कुणी सोडला, हे एकाही माणसाच्या मनात आलं नाही. इंजिनिअर होते त्यांत, ब्रिस्टलच्या विमानांच्या कारखान्यातले. त्यांच्याही नाही.

दुपारी हॉलमध्ये माणसं मावेनात. एक्याऐंशी दिव्यांची ताटं लागली, गुरुजींचा मंत्र मोबाइलच्या स्पीकरसारखा घाईघाईने चालला. शैला नवऱ्याशेजारच्या पाटावर होती, तिच्या हाताला त्यांच्या शेल्याची गाठ. दिव्यांची धग आणि तुपाचा धूर चेहऱ्यावर येत होता आणि त्या धुरातूनसुद्धा बाहेरच्या गाडीचा वास तिला लागत होता, की आता तो नाकातच राहिला होता. तिची आई वाईच्या पलीकडे एका गावात जात्यावर बसायची, आणि शैला तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायची. आई कधी कुणाजवळ रडली नाही. दळताना मात्र तिच्या तोंडून निघायचं:

मनातली गं गोष्ट, सांगू नये शेजीला
सांगावी ती जात्याला, ते नेत नाही वेशीला.

कार्डिफला जातं नव्हतं. कपडे धुण्याचा ट्विन-टब होता. आपला आवाज त्याच्या घरघरीत बुडवून शैला त्याच्याशी बोलत असे, मोजे पिळता पिळता, ओवीसारखं काहीबाही जुळवत. बाई गं निळ्या पाण्या, तुझा फेस किती वर, माझ्या पदराची घडी, कशी उकलू तुझ्यावर. मग हरीश रांगायला लागला, ट्विन-टब गेला, नवं मशीन आलं ते आवाज न करणारं. त्यानंतर तिचं बोलणंच थांबलं.

औक्षण झालं आणि केक आला. मंजिरीने हौसेने करून घेतला होता, गाडीच्या आकाराचा, जाड हिरव्या साखरेच्या कातड्याचा, चाकांना चॉकलेट. शशिधरांनी सुरी बॉनेटात घातली. आतून लाल स्पंज निघाला, ओला, जॅमने भरलेला.

“रेड व्हेल्व्हेट,” मंजिरी म्हणाली. “बाबांना आवडतो म्हणून.”

त्यांनी पहिला घास शैलाच्या तोंडाशी धरला, सगळे फोन वर झाले, आणि तिने तोंड उघडलं. साखर टाळूला चिकटली. जॅमचा गुळचट गोळा जिभेवर कोमटून बसला. समोर नवऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हिरवी साय गोळा झाली होती आणि कवळी मागेपुढे होत होती. तिला वाटलं, आता होईल, आत्ता इथेच, शालूवर, सगळ्यांच्या देखत. तिने घास गालात ठेवला, हसली, आणि किचनमध्ये जाऊन पेपर टॉवेलात काढून टाकला. टॉवेलावर ते लाल बघून ती सिंकला धरून उभी राहिली.

काळी चंद्रकळा होती ते खरं. वरून कोट होता, मापाला मोठा, अंबरीशच्या बायकोने, आश्लेषाने दिलेला, कारण तिचा स्वतःचा आता पोटावर बसत नव्हता. पाचवा लागला होता. गोष्टीत एवढं एकच कधी आलं नाही, पोट. गाडी थांबली तेव्हा शशिधरांनी घड्याळ पाहिलं, मग स्वतःच्या सुटाकडे. “हा एकच धड सूट आहे गं. आणि तुला क्लच सोडता येत नाही. पुढे उतारच आहे, नुसती हलली की झालं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जोर नव्हता. हिशोब होता, आणि तो बरोबर होता, म्हणून ती उतरली. डिकीच्या गोल पाठीवर तळहात लावले तर पत्रा इतका गार की हात भाजल्यासारखे झाले. रबरी वहाणांत चिखल शिरला. तिने जोर लावला. गाडी हलत नव्हती, मग एकदम हलायला लागली, जड जनावर उठावं तशी, आणि आतून तो आवाज आला. अजून थोडं, शैला. एरवी ते तिला अगं म्हणत. नाव घेत नसत. त्या उजाड रस्त्यावर त्यांनी नाव घेऊन हाक मारली आणि तिला, हे आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते, तिला ते आवडलं. नावाच्या आनंदात तिने आणखी जोर लावला. पोटात खाली काहीतरी ताणलं, शिवण उसवावी तसं, बारीक. मग गाडीने घेतलं. धुराचा गरम लोट तोंडावर आला, गोड, तेलकट, आणि हातांखालची गाडी नाहीशी झाली. ती हात पुढे केलेल्या अवस्थेत उभी राहिली. गाडी वळणापर्यंत गेली, तिथे थांबली, इंजिन घरघरत, आणि खिडकीतून हात बाहेर आला. लवकर ये, लवकर, बंद पडेल. शैला पळाली. साडी वर धरून, चिखलातून, पळत गेली.

आश्लेषाच्या घरी दहाबारा बायका होत्या. वाण लुटलं, हलवा वाटला. तिळगूळ घ्या, गोड बोला. घेतला, गोड बोलली. कंबर दुखत होती, ती म्हणाली, गाडीत अवघडले हो. कोवळ्या कोवळ्या मुली होत्या सगळ्या, घरापासून लांब, काळ्या साड्यांत, आणि काळ्यावर काही दिसत नाही. उठताना आश्लेषाला सोफ्यावरच्या पांढऱ्या चादरीवर दिसलं. तिने आपली शाल शैलाच्या कमरेला बांधली, जणू काही खेळच चाललाय असं, आणि आतल्या खोलीत नेलं. पुढचं हॉस्पिटल. पडदे, थंड स्टीलचं भांडं, त्याच्यावर झाकलेलं हिरवट कापड. शशिधर संध्याकाळी आले, नोकरी मिळाली होती. बाहेर पॅसेजमध्ये ते ड्यूटीवरच्या डॉक्टराशी इंग्रजीत बोलत राहिले, त्यांच्या भाषेत, एकमेकांना मान देत. आत येऊन त्यांनी तिची नाडी पाहिली. “असं होतं,” ते म्हणाले. “पहिल्या वेळी पुष्कळदा होतं. ढकलण्याचा काही संबंध नाही.” तिने विचारलंच नव्हतं. संबंध असेल, नसेल, कुणास ठाऊक. तो प्रश्न तिच्या मनात यायच्या आधी त्यांनी त्याचं उत्तर देऊन टाकलं आणि उत्तर दिल्यामुळे प्रश्न कायमचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी तिला घरी न्यायला ते मायनर घेऊन आले. दार उघडून दिलं, आदल्या दिवशी आश्लेषाच्या दारात हात धरून उतरवलं होतं तसंच हात धरून बसवलं. तिच्या सीटवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. नीट, दोन पदरी, कडा आत दुमडून. खालची सीट ओली होती, साबणाचा वास येत होता. कार्डिफ येईपर्यंत हलली की तिच्याखाली कागद कुरकुरत होता.

हरीश झाल्यावर एकदा अंबरीशच्या घरी भजी तळली जात होती आणि पुरुष मंडळी गाड्यांवर बोलत होती. तेव्हा तिने पहिल्यांदा ऐकलं. मी ढकलतोय, आणि ही आत मेमसाहेबासारखी. ती हातात ताट घेऊन दारात होती. शशिधरांनी वर पाहिलं. त्या नजरेत भीती होती का, की विनंती, की काहीच नव्हतं, त्यांनी खरोखरच तसं आठवायला सुरुवात केली होती, हे तिला आजवर कळलेलं नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं. ती हसली. आश्लेषाने कढईतला झारा तसाच वर धरला आणि तिच्याकडे पाहिलं. नंतर भांडी विसळताना ती म्हणाली होती, “शैला, तू मुकी आहेस का गं?” शैला म्हणाली, “असू दे. त्यांना बरं वाटतं.” आश्लेषा आता नव्हती. त्या दिवसाचं सगळं ठाऊक असलेलं एक माणूस होतं, तेही गेलं.

“आई, चल ना,” हरीश किचनच्या दारात आला. “सगळे बाहेर आहेत. पाच मिनिटांचं काम आहे.”

“कसलं?”

“रीएनॅक्टमेंट. तू चाकामागे बसायचं, बाबा मागून ढकलतील. म्हणजे ढकलल्यासारखं करतील, मी आणि अंबरीशकाका असू ना. मायरा शूट करणारेय, मराठीत कॉमेंट्री आहे तिची. पुण्याला पाठवायचंय सगळ्यांना.”

“मला नको रे. मला मळमळतंय.”

“केकने असेल. बाहेरच्या हवेत बरं वाटेल.” त्याने तिचा हात धरला. हा मुलगा मऊ होता, लहानपणापासून. स्वतःच्या लग्नात माइक हातात घेऊन त्याने ती गोष्ट इंग्रजीत सांगितली होती आणि मंजिरीकडे बघून म्हणाला होता, मला असा नवरा व्हायचंय, कोट काढून उतरणारा. आणि झाला होता. मंजिरीच्या दोन्ही बाळंतपणांत तो तिच्या उशाशी होता, रात्र रात्र पाठ चोळत. खोट्या गोष्टीतून खरा माणूस उगवला होता. तो हात धरून चालवत असताना शैलाला हे कळत होतं, आणि हेही कळत होतं की आज आपण त्या चाकामागे बसलो, तर तो दिवस कायमचा यांचा होईल. सपाट पोटाची, शालूतली, हसणारी म्हातारी पडद्यावर राहील. जिच्यासाठी आश्लेषाने कोट दिला, ती कधी नव्हतीच असं होईल. या जगात तिच्या असण्याला शैलाच्या पोटाखेरीज दुसरी जागा नव्हती, ना नाव, ना तारीख, ना माती.

बाहेर ऊन होतं. मंडळी गवतावर अर्धगोल करून उभी, हातात कागदी ताटल्या, ताटल्यांत हिरव्या केकचे उरलेले पापुद्रे. अंबरीशने तिला पाहिलं.

“या वहिनी. सवत वाट बघतेय तुमची.”

“सवतीला तुम्हीच बसवा मांडीवर, भाऊजी.”

“बसवलं असतं. गुडघे नवीन आहेत.”

सगळे हसले. शशिधर गाडीच्या मागे जाऊन उभे होते, दोन्ही तळहात डिकीवर टेकून, फोटोसाठी अगोदरच वाकलेले. नेमके तिथेच होते त्यांचे हात. त्याच गोलाव्यावर, थोडे पसरलेले, अंगठे आत. ती खूण त्यांना कुठून सापडली. ढकलणाऱ्याचे हात कुठे असतात हे आरशात पाहणाऱ्यालाच माहीत असतं, आतल्या छोट्या आरशात, मान वर करून. म्हणजे ते पाहत होते. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्यांची नजर रस्त्यावर होती. हरीशने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि उन्हात शिजलेला तो वास अंगावर आला, लाल सीटचा, जुन्या घामाचा, पॉलिशचा. तिने दाराची कड धरली. एक पाय आत ठेवला. गालिचा तळव्याखाली दबला, ओला नव्हता, तरी ओला लागला.

“रोलिंग,” मायरा म्हणाली. हरीशची सोळा वर्षांची पोर, घागरा, पायांत ट्रेनर्स, फोन एका काठीला लावलेला. तिने हातावर शाईने शब्द लिहून आणले होते. घसा साफ केला. “हाय एव्हरीवन. म्हणजे, नमस्कार. हा माझे आजोबाची फेव्हरेट गाडी आहे. खूप वर्षांपूर्वी गाडी बंद पडला. खूप थंडी होता. मग,” तिने हाताकडे पाहिलं, घाम आला होता, शाई फिसकटली होती, “मग आजीने आजोबांना गाडीत बसवलं, आणि आजीने गाडी ढकलली.”

गवतावर हशा फुटला. अंबरीशच्या हातातली ताटली वाकडी झाली. “अगं बयो, कुठे लावलास तो ‘ने’. एका प्रत्ययात सगळा इतिहास फिरवलास की.”

“कट, कट,” हरीश हसत म्हणाला. “इट्स फाइन बेटा, परत घेऊ.”

“आजोबांनी आजीला,” गाडीच्या मागून शशिधर म्हणाले. हसले नव्हते ते. हात अजून डिकीवर होते. “नीट म्हण. आजोबांनी आजीला बसवलं, आजोबांनी ढकलली. अशुद्ध मराठी नको.”

मायराचे कान लाल झाले. शनिवारच्या मराठी शाळेत ती दोन वर्षं गेली होती. ने आणि ला तिथेही तिला छळत. ती पुटपुटली, आजोबांनी आजीला, आजीला आजोबांनी, आणि मग तिने फोन खाली केला आणि गाडीच्या दाराशी आली, जशी ती लहानपणी गृहपाठ घेऊन येई, इतर कुणाकडे न बघता.

“आजी, सॉरी. मला नेहमी मिक्स होतं. तू सांग. आजीने की आजीला?”

शैलाचा एक पाय गाडीत होता आणि एक बाहेर. पोरीच्या कपाळावर केसांची एक बट चिकटली होती. सगळे थांबले होते, चांगल्या मनाने, हसू ओठांवर तसंच धरून, एका अक्षरासाठी. तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की मळमळ आता थांबली होती. तिने आतला पाय बाहेर काढला आणि ती गवतावर नीट उभी राहिली.

“ने,” ती म्हणाली. “बरोबर म्हणालीस तू. आजीने.”

“घ्या,” अंबरीश म्हणाला, “वहिनी पण पार्टी बदलून गेल्या.”

“हसू नका भाऊजी. मला गाडी येत नव्हती. आजही येत नाही. क्लच यांनी सोडला, आत बसून. मागे मी होते.”

अंबरीशचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू चेहऱ्यावरून उतरलं. त्याला बहुतेक ती चादर आठवली असावी; आश्लेषाने ती त्याच संध्याकाळी बागेत धुतली होती.

“अगं,” शशिधर म्हणाले. “काय बोलतेयस. लोक आहेत.”

“आई?” हरीशने दार सोडलं नव्हतं. “व्हॉट डू यू मीन? आय डोंट… बाबांनी ढकलली ना?”

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. “तू तुझ्या बायकोसाठी उतरलास ना. ते तुझं आहे. ते कुणी घेत नाही तुझ्याकडून.” तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी लागत होता, कोरडा, घरातल्या कामाचं सांगावं तसा. “मला पाचवा महिना होता तेव्हा. तुझ्या आधीचा. त्या दिवशी ब्रिस्टलला गेलं ते. ढकलल्यामुळे गेलं असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण ढकललं मी, आणि होतं ते माझ्या पोटात, आणि या गोष्टीत ते कधी येत नाही.”

कुणीतरी कागदी ताटली खाली ठेवली. मायराने आजीचा पदर धरला होता, केव्हा धरला ते कळलं नाही. शैला वळली. गाडीच्या हिरव्या पाठीपलीकडे तिचा नवरा उभा होता, हात काढून घेतलेले, ते कुठे ठेवावेत हे न सुचलेला, शेला एका बाजूने जमिनीला लागलेला. पॅसेजमध्ये त्या डॉक्टराशी ते कितीतरी वेळ बोलले होते. एवढं सगळं विचारलं होतं. रात्री पडदा सारून आलेल्या नर्सला मात्र शैलाने एकच गोष्ट विचारली, मोडक्या इंग्रजीत, आणि तिने खाली वाकून, कानाशी सांगितली होती.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “अहो, मुलगी होती.”